भर पावसात मॅनहोलचं लोखंडी झाकण हवेत का उडतं?

दर पावसाळ्यात हा व्हिडिओ तुमच्या फीडमध्ये येतोच. रस्त्यावर गुडघाभर पाणी, कडेला बंद पडलेल्या रिक्षा आणि मधोमध मॅनहोलचं लोखंडी झाकण उकळत्या पातेल्यावरच्या झाकणासारखं थडथडतंय. काही सेकंदांत फस्स असा आवाज होतो, झाकण बाजूला पडतं आणि पाण्याचा फवारा पार पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत जातो. खाली कमेंट ठरलेल्या. एक म्हणतो, ‘पाण्याचा फोर्स बघा’. दुसरा म्हणतो, ‘कंत्राटदाराला याच्यातच सोडा’.

कंत्राटदाराचं नंतर बघू. पहिली कमेंट मात्र निम्मीच बरोबर आहे. फवाऱ्यात दिसतं ते पाणी, पण त्याला वर फेकणारी बऱ्याचदा हवा असते. किती मिलिमीटर पाऊस पडला, किती पंप लावले, किती पाणी उपसलं, हे आकडे आपल्याला रोज ऐकवले जातात. त्याच गटारात अडकलेल्या हवेचा हिशोब कुणी मागत नाही. झाकण उडणं, घरातल्या मोरीतून येणारा वास आणि गटारात उतरलेल्या कामगाराचा जीव जाणं या तिन्ही गोष्टींचा संबंध या हवेशी आहे. आणि जगभरातली शहरं पाणी जमिनीखाली आणखी खोल न्यायला लागली आहेत, त्यामुळे हा हिशोब आणखी मोठा होत चाललाय.

वीतभर पाण्याएवढा दाब पुरतो

एक साधं गणित करू. (शाळेत ज्या गणितापासून पळाले होते, ते पत्रकारितेत असं परत भेटतं.) झाकण गोल आहे, व्यास ६० सेंटीमीटर आणि वजन ५० किलो धरू. हे वजन खालून तोलायला दाब किती लागेल? साधारण १,७५० पास्कल. पास्कल डोक्यावरून जात असेल तर असं बघा: १८ सेंटीमीटर पाण्याच्या तळाशी जितका दाब असतो, तितकाच. वीतभरही नाही. कारच्या टायरमध्ये आपण ३०-३२ पीएसआय हवा भरतो. हे झाकण हलवायला पाव पीएसआय पुरते. झाकण १०० किलोचं असलं तरी अर्धा.

म्हणजे झाकण जड आहे म्हणून ते जागेवर राहतं, हा आपला समज फारसा खरा नाही. एरवी खाली आणि वर हवेचा दाब सारखाच असतो, म्हणून ते शांत पडून असतं. हा तोल थोडा बिघडला की लोखंड हलतं.

मग हे पाण्यानं झालं की हवेनं, कसं ओळखायचं? गटार तुंबून पाणी वर आलं तर ते आधी फटीतून, भोकांतून पाझरतं आणि झाकणाभोवती फुगतं. पाणी दाबून लहान करता येत नाही, त्यामुळे वाट मिळाली की त्याचा दाब चटकन उतरतो. हवा मात्र स्प्रिंगसारखी दबते आणि सुटली की उसळते. थांबून थांबून येणारे फवारे, शिट्टीसारखा आवाज, झाकणाची थडथड ही हवेची लक्षणं. अर्थात नुसता व्हिडिओ बघून दरवेळी छातीठोक सांगता येत नाही. अनेकदा दोन्ही एकत्र असतात.

गटारात हवा येते कुठून?

कोरड्या दिवशी गटार रिकामं दिसतं, पण ते हवेनं भरलेलं असतं. पावसाचं पाणी आत शिरलं की तेवढ्या हवेला बाहेर पडायला हवं. पाणी हळू चढलं तर हवा झाकणांच्या भोकांतून गुपचूप निघून जाते. तासाभराचा पाऊस दहा मिनिटांत कोसळला तर तिला तेवढा वेळच मिळत नाही.

दुसरं कारण जास्त गमतीचं आहे. पावसाळ्यात आंबोलीच्या किंवा ठोसेघरच्या धबधब्याजवळ गेला असाल तर आठवा. पाण्यापासून बरंच लांब उभं राहिलं तरी तोंडावर गार वारा आणि तुषार येतात. तो वारा डोंगरातून येत नाही. पडणारं पाणी आजूबाजूची हवा स्वतःबरोबर खाली ओढतं आणि ती तळाशी आपटून बाहेर फेकली जाते. आता हाच धबधबा काँक्रीटच्या बंद नळकांड्यात घातला तर? ओढलेली हवा जाणार कुठे?

असे बंद धबधबे खरोखर असतात. अभियंते त्यांना ‘ड्रॉप शाफ्ट’ म्हणतात. आपण उभी विहीर म्हणू. शहरातली नेहमीची गटारं रस्त्याखाली काही मीटरवर असतात. मोठ्या शहरांनी पुराचं आणि सांडपाणी साठवायला, वाहून न्यायला जे नवे बोगदे खोदले, ते मेट्रो आणि इमारतींचे पाये टाळत ३०, ५०, काही ठिकाणी तर ९० मीटर खाली गेलेत. वरचं पाणी तिथपर्यंत पोचवायचं तर ते या उभ्या विहिरीतूनच सोडावं लागतं.

हवेचा अडथळा नसता तर ५० मीटरवरून सोडलेलं पाणी तळाशी पोचताना ताशी ११० किलोमीटरच्या आसपास वेगात असतं. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर कारला १०० ची मर्यादा आहे. एवढा मारा रोज झाला तर तळाचं काँक्रीट टिकत नाही. शिवाय पडताना पाणी फुटतं, त्याचे थेंब होतात, आणि जितके जास्त थेंब तितकी जास्त हवा ओढली जाते. कॅनडातल्या एडमंटन शहरात, अल्बर्टा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत उंच नळ्या उभारून यावर बरीच वर्षं काम झालंय. नुसतं वरून खाली सोडलेलं पाणी स्वतःच्या आकारमानाच्या कित्येक पट हवा ओढून नेऊ शकतं, हे तिथल्या मोजमापांत दिसलं. विहिरीच्या तोंडाशी हवा आत खेचली जाते, तळाशी तिचा दाब वाढतो, आणि तिथून ती पुढच्या वाहिन्यांत घुसून लांबच्या कुठल्यातरी मॅनहोलमधून वास घेऊन बाहेर पडते. हे संशोधन एडमंटनमध्येच का फोफावलं? कारण त्या शहरात खोल गटारं आहेत आणि तिथले लोक वासाच्या तक्रारी करून थकले होते.

बाटली उलटी करून बघा

यावरचा उपाय तुम्ही स्वयंपाकघरात करून बघू शकता. पाण्यानं भरलेली लिटरची बाटली बेसिनमध्ये उलटी धरा. पाणी गुडगुड करत, अडखळत पडतं. कारण तोंड एकच आहे, पाण्याला बाहेर पडायचंय आणि हवेला आत यायचंय, दोघांची ढकलाढकली चालते. आता बाटली परत भरा, उलटी धरून दोन-तीनदा गोल फिरवा. आत भोवरा होतो, पाणी कडेनं फिरत उतरतं, मधोमध हवेची पोकळ वाट तयार होते आणि बाटली झटक्यात रिकामी होते.

ड्रिओली नावाच्या इटालियन अभियंत्यानं १९४७ मध्ये नेमकी ही कल्पना उभ्या विहिरींसाठी मांडली. पाणी वरून सरळ टाकायचंच नाही. ते विहिरीच्या भिंतीला घासून, वळसा देत आत सोडायचं. मग ते भिंतीला चिकटून गोल गोल उतरतं, घर्षणानं त्याचा बराच जोर वाटेतच संपतो, आणि मधली जागा हवेसाठी मोकळी राहते. तरी थोडी हवा बुडबुड्यांच्या रूपात पाण्यात मिसळतेच. म्हणून तळाशी एक मोठी खोली बांधतात. तिथे पाणी संथ होतं, बुडबुडे वर येतात आणि वेगळ्या पाइपनं हवा पुन्हा वर नेली जाते.

लंडनचा टेम्स टाइडवे बोगदा २५ किलोमीटर लांब आणि ७.२ मीटर व्यासाचा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो पूर्ण जोडला गेला. त्याच्या विहिरींत पाणी असंच भोवऱ्यानं उतरतं. बोगद्यातली हवा कार्बनच्या गाळण्यांतून साफ करून सोडतात, आणि नदीकाठी तिच्यासाठी उंच खांब उभारलेत. ते शिल्पासारखे दिसतात, त्यामुळे लोक त्यांच्या शेजारी फोटोही काढतात. डोंगरउतारावरचं पाणी शहरात शिरण्याआधीच पकडायला हाँगकाँगनं २०१२ मध्ये एक बोगदा सुरू केला. त्याला अशा तीसहून जास्त विहिरी आहेत.

टोकियोजवळच्या कासुकाबेचं भूमिगत ‘मंदिर’ तुम्ही रीलमध्ये पाहिलं असेल. ५९ प्रचंड खांब, १७७ मीटर लांब दालन. रीलवाले त्याला पूर साठवायची टाकी म्हणून मोकळे होतात. पण तिचं अधिकृत नाव दाब नियंत्रित करणारी टाकी असं आहे. साठवण हे तिचं मुख्य काम नाही. तिच्यामागे ६.३ किलोमीटरचा बोगदा आणि सुमारे ७० मीटर खोल पाच विहिरी आहेत. त्यातून येणाऱ्या पाण्याचा जोर या दालनात शांत होतो, आणि पंप अचानक बंद पडले तर उलट उसळणाऱ्या पाण्याला जागा मिळते.

शिकागोत गाडी उचलली गेली

हा धडा शिकायला सगळ्यात मोठी किंमत कुणी मोजली असेल तर शिकागोनं. १९७० च्या दशकात शिकागोनं ‘डीप टनेल’ खोदायला घेतला. जुन्या गटारांतून नदीत आणि पुढे तळ्यात जाणारं घाण पाणी अडवून खोल बोगद्यात साठवायचं, पाऊस थांबला की उपसून शुद्ध करायचं. बोगदे पूर्ण व्हायला २००६ उजाडलं. एकूण लांबी सुमारे १७५ किलोमीटर, खोली ४५ ते ९० मीटर, आणि पाणी आत सोडणाऱ्या अडीचशेच्या आसपास उभ्या विहिरी.

पहिला मोठा टप्पा १९८५ मध्ये सुरू झाला. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९८६ मध्ये, जोरदार पावसात विहिरींतून पाण्याचे खांब उसळले. साठ फुटांच्या आसपास उंच. एक महिला गाडी चालवत विहिरीच्या झाकणावरून जात असतानाच खालून उसळी आली आणि गाडी उचलली गेली. ती बुडता बुडता वाचली.

इंग्रजीत याला ‘गिझर’ म्हणतात. आपल्याकडे गिझर बाथरूममध्ये असतो, म्हणून मी उसळी म्हणते.

ती कशी येते बघा. बोगदा अनेक विहिरींमधून एकाच वेळी भरतो. पाण्याच्या लाटा दोन्हीकडून येतात आणि बोगद्याच्या छताशी हवेचा मोठा फुगा कोंडला जातो. हा फुगा छताला लागून सरकत राहतो, कुठेतरी त्याला उभी विहीर सापडते. विहिरीत आधीच थोडं पाणी चढलेलं असतं. हवा हलकी, ती वर सुटते, डोक्यावरचं पाणी ढकलत नेते. जसजशी वर जाते तसतसं तिच्यावरचं ओझं कमी होतं, ती फुगते, आणखी वेगानं सुटते. तोंडाशी पोचेपर्यंत सोड्याची बाटली हलवून बूच काढल्यासारखी अवस्था झालेली असते.

हे सगळं आधी अंदाजच होते. पुरावा मिनियापोलिसमधून आला. तिथल्या आय-३५ डब्ल्यू महामार्गाखालच्या पावसाळी बोगद्यातून अशा उसळ्या येत, त्यांचं चित्रीकरण होतं, आणि बोगद्यात दाब मोजणारी यंत्रंही बसवलेली होती. दोन्हींचा मेळ घातल्यावर गंमत दिसली. रस्त्याच्या पातळीपर्यंत पाणी चढायलासुद्धा जेवढा दाब लागेल, तेवढा बोगद्यात नव्हता. तरीही वर पाण्याचे फवारे उडत होते. म्हणजे पाणी स्वतःच्या जोरावर वर येत नव्हतं, त्याला हवा घेऊन येत होती. २०११ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं, आणि बोगदा आखताना नुसतं ‘पाणी किती मावेल’ एवढं विचारून भागत नाही, हे अभियंत्यांना मान्य करावं लागलं.

शिकागोनं मग बोगदा काठोकाठ भरू देणंच सोडलं. त्याआधीच विहिरींचे दरवाजे आवळतात. हे ऐकायला सोपं वाटतं. पण दरवाजे आवळले की ते पाणी कुठेतरी जाणारच, म्हणजे पुन्हा नदीत किंवा लोकांच्या तळघरांत. हजारो कोटींचा बोगदा पूर्ण क्षमतेनं वापरता येत नाही, कारण त्यातल्या हवेला जायला पुरेशी वाट ठेवलेली नाही. माझ्या मते हा या सगळ्या कथेतला सगळ्यात महाग आकडा आहे, आणि तो कुठल्याच टेंडरमध्ये लिहिलेला नसतो.

हीच हवा विषारी असते तेव्हा

पावसाच्या पाण्याऐवजी सांडपाणी असेल तर गोष्ट बदलते. साचलेल्या मैल्यात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि पाण्यात विरघळून राहतो. पाणी संथ असेपर्यंत तो बराचसा पाण्यातच असतो. ते उंचावरून पडलं, ढवळलं गेलं की वायू सुटतो. म्हणून ज्या ठिकाणी गटार एकदम खोल उतरतं, ती जागा सगळ्यात धोक्याची. तिथलं काँक्रीटसुद्धा लवकर झिजतं, कारण या वायूपासून भिंतीवर सल्फ्युरिक ॲसिड बनतं.

हा वायू हवेपेक्षा जड आहे, तळाशी साचतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास येणं थांबतं. आत उतरलेल्या माणसाला वाटतं, हवा बरी आहे. पहिला खाली कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. ही बातमी तुम्ही वर्षातून किती वेळा वाचता ते आठवा. हातानं मैला साफ करायला लावणं आणि सुरक्षेशिवाय माणसाला गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूंची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. मृत्यू थांबलेले नाहीत.

तुम्ही टॉवरमध्ये राहत असाल तर अशी एक छोटी उभी विहीर तुमच्या बाथरूमच्या भिंतीमागे आहे. वरच्या मजल्यावर कुणी फ्लश केला की पाइपमधून पडणारं पाणी हवा ओढत खाली जातं आणि तुमच्या बेसिनमधून गुडगुड ऐकू येते. नहाणी ट्रॅपमध्ये साचलेलं थोडंसं पाणी ही या हवेला अडवणारी एकमेव भिंत. ते सुकलं किंवा ओढलं गेलं की भिंत गेली. २००३ मध्ये सार्सच्या साथीत हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या संकुलात तीनशेहून जास्त रहिवासी आजारी पडले. चौकशीत सुकलेले ट्रॅप आणि बाथरूमचे एक्झॉस्ट पंखे यांच्याकडे बोट गेलं. पंख्यांनी सांडपाण्याच्या पाइपातली दूषित हवा घरात खेचली होती. फार दिवस बंद असलेल्या फ्लॅटमध्ये शिरल्यावर आधी मोरीत दोन तांबे पाणी ओता, असं आज्या सांगतात ते उगाच नाही.

आणि मुंबई?

मुंबईतली पावसाळी गटारं उथळ आहेत. शिकागोसारख्या साठ फुटी उसळ्या इथे येत नाहीत. पण मुंबईला स्वतःची एक अडचण आहे, समुद्र. जुनी व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी होती, ब्रिमस्टोवॅड योजनेत ती ५० वर न्यायचं ठरलं. मोठी भरती आली की गटारांची समुद्राकडची तोंडं बंद होतात. पाणी खालच्या टोकाकडून भरत येतं आणि हवेला वर, मॅनहोलकडे जाण्याशिवाय पर्याय राहत नाही. पाऊस आणि भरती एकत्र आल्यावर झाकणं थडथडतात त्याचं एक कारण हे.

२९ ऑगस्ट २०१७ ला डॉ. दीपक अमरापूरकर प्रभादेवी भागात उघड्या मॅनहोलमध्ये पडले. दोन दिवसांनी वरळीला त्यांचा मृतदेह मिळाला. ते झाकण हवेनं उडालं नव्हतं, साचलेलं पाणी उतरावं म्हणून उघडलं गेलं होतं. पण दोन्हींचा शेवट एकच, रस्त्यावर न दिसणारं एक भोक. त्यानंतर महापालिकेनं मॅनहोलमध्ये झाकणाखाली जाळ्या बसवायला सुरुवात केली. जाळीतून हवा आणि पाणी जातं, माणूस जात नाही. इतका साधा उपाय एका डॉक्टरचा जीव गेल्यावर सुचावा, याचा राग येतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला ६ लाख रुपये देण्याचा आदेश दिला.

आता मुंबईही खोल जायला लागली आहे. बापट नाला आणि सफेद पूल नाल्यातलं सांडपाणी मिठीत न जाता धारावीच्या प्रक्रिया केंद्रात जावं म्हणून साडेसहा किलोमीटरच्या आसपासचा बोगदा खोदलाय. वरचं सांडपाणी त्यात उभ्या शाफ्टमधूनच उतरणार. टोकियोसारखे पुराचे बोगदे मुंबईत हवेत, ही चर्चाही दर पावसाळ्यात होते. अशा प्रत्येक प्रकल्पाच्या बातमीत व्यास असतो, लांबी असते, खर्च असतो. हवा कुठून बाहेर पडणार, ती साफ करणार का, आणि तो खांब कुणाच्या खिडकीसमोर येणार, हे मला अजून एकाही प्रेस नोटमध्ये वाचायला मिळालेलं नाही. तुमच्या नगरसेवकाला प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारा.

तोवर, रस्त्यात थडथडणारं झाकण दिसलं तर त्यावर दगड ठेवायला जाऊ नका आणि पाणी उतरावं म्हणून ते उघडूही नका. व्हिडिओ काढायचाच असेल तर लांबून, झूम करून काढा. मुंबईत असाल तर महापालिकेचा आपत्कालीन क्रमांक १९१६ आहे. झाकण आधीच उडालेलं असेल तर कोणीतरी येईपर्यंत त्या जागी काठी, फांदी, मोडकी खुर्ची, जे दिसेल ते उभं करून ठेवा, म्हणजे मागून येणाऱ्याला तिथे भोक आहे हे कळेल.